झडपेची रेघ

वैद्यकात कीर्ती बहुधा शस्त्र धरणाऱ्या हाताला मिळते, नुसते पाहणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच. म्हणूनच स्वीडनमधील लुंड येथील डॉ. इंगे एड्लर यांच्या कारकिर्दीविषयी मला विशेष कुतूहल वाटत आले आहे. संधिवाती ज्वराने आवळलेली हृदयाची द्विदली झडप मोकळी करण्याची विद्या शल्यवैद्यांना तेव्हा नुकतीच साधली होती. परंतु झडप आवळली आहे की गळते आहे, याचा निवाडा बराचसा अदमासानेच करावा लागे, आणि अदमास चुकला की रोगी हकनाक जाई. मालमो येथील जहाजांच्या कारखान्यात लोखंडातील दोष शोधण्यास श्रवणातीत ध्वनीचे यंत्र वापरीत, पदार्थवैज्ञानिक हेल्मुट हर्ट्झ यांच्या साह्याने एड्लर यांनी ते आजमावले, पुढे सीमेन्स कंपनीने (हर्ट्झ यांचे वडील पूर्वी तिच्या संशोधनशाळेचे प्रमुख होते, वशिला विज्ञानालाही वर्ज्य नसावा) आपले यंत्र दिले, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाची हालती रेघ फिल्मवर उमटली.

पण रेघ कशाची? एड्लर यांना प्रथम ती डाव्या कर्णिकेच्या भिंतीची वाटली. तेवढ्यावर न विसंबता त्यांनी आसन्नमरण रोग्यांच्या छातीवर ध्वनीची जागा व दिशा खुणेने नोंदवून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच खुणेतून बर्फ फोडण्याचा टोचा आत सरकवून तो कोठे रुततो ते शवविच्छेदनात पाहिले. तो झडपेच्या पुढच्या पाकळीत रुतलेला आढळला. निरोगी पाकळीची रेघ झपकन उतरते, आवळलेलीची रेंगाळत; रोगाचे माप त्या उतारात होते. मला तर यंत्राहून त्या टोच्याचेच अप्रूप अधिक वाटते. एड्लर १९७६ मध्ये निवृत्त झाले, पुढल्या वर्षी उभयतांना लास्कर पारितोषिक मिळाले. नोबेल मात्र नाही.

ज्या रोगापायी ही विद्या जन्मली, तो स्वीडनमधून जवळजवळ हद्दपार झाला. आमच्या वाशीम जिल्ह्यात त्याचा मुक्काम अद्याप उठलेला नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एखादी सून, लहानपणी दुखलेल्या घशाची व सुजलेल्या सांध्यांची आठवणही नसलेली, पहिल्या गरोदरपणात रक्ताचा भार वाढताच धाप लागून येते. तिला डाव्या कुशीवर निजवून, गार जेली लावून पाहावे, तर पाकळीचे टोक चिकटून ती हॉकीच्या काठीसारखी वाकलेली, आणि चार ते सहा चौरस सेंटिमीटरांचे झडपेचे तोंड जेमतेम एकावर आलेले.

"यात पोटातलंबी दिसते काय जी?" सासू हटकून विचारते. पोरगा की पोरगी, हे विचारण्याची ती आडवाट असते. याच ध्वनीचा तसा उपयोग झाला, म्हणूनच १९९४ च्या कायद्यान्वये आमच्या यंत्रांची सरकारदफ्तरी नोंद ठेवावी लागते. मी तिला पडद्यावरची झडप दाखवितो आणि नागपुरास फुग्याने ती उघडवून घेण्याविषयी बोलू लागतो, तर नवऱ्याचा सवाल तयार असतो: सोयाबीन काढून झाल्यावर नेले तर चालेल का? चालणार नाही, असे मी सांगतो, आणि कागद लिहावयास घेतो.