पावसाआधीचे टायर

आमच्याकडे टायर घ्यायचे ते मे महिन्याच्या अखेरीस. गणपती ते दिवाळी भाडी जोरात असतात, हातात पैसा खेळत असतो, तेव्हा घेणं जास्त सोयीचं. पण वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, घालून दिलेला हा नेम आम्ही मोडलेला नाही. उल्हास नदी भरून वाहू लागली आणि कर्जत रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली गेले, की झिजून गोटा झालेल्या टायरवरची गाडी कुठे जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. बदलापूरजवळच्या आमच्या चामटोलीत पावसाबद्दल कुणाला काही शिकवावं लागत नाही.

पिकअप माझा धाकटा भाऊ चालवतो. हिशेब माझ्याकडे आणि टायर निवडणंही माझ्याकडे. दुकानदार दर त्याला सांगतात, तो म्हणतो, "ताईला दाखवा." मग मी वाकून टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायला लागते. आमच्या गाडीत काय जात नाही? भट्टीवरच्या विटा, भाताचा पेंढा, वांगणीच्या रोपवाटिकांतली झाडं, मंडपाचे बांबू, श्रावण संपताना गणपती. आणि पाऊस पडायच्या आधी बदलापूरची जांभळं. त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, पण ती अजूनही तितकीच नाजूक आहेत. जांभळांच्या पाट्या भरल्या की भाऊ गाडी कशी हळुवार चालवतो ते बघण्यासारखं असतं.

माझ्या आठवणीतलं पहिलं चाक आजोबांच्या बैलगाडीचं. त्याला रबर नव्हतं, लोखंडी धाव होती. धाव चढवायचा दिवस म्हणजे आळीतल्या पोरांना सुट्टीच. लोहार चाकाचा घेर मोजून कडी मुद्दाम जराशी लहान करायचा. मग गोवऱ्यांचा जाळ गोलाकार पेटवायचा, त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते. दोघा-तिघांनी सांडशीनं धरून लाकडी चाकावर बसवायची, घण घालायचे आणि लगेच घागरीनं पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लोखंड आकसायचं आणि आऱ्यांचे सगळे सांधे करकरत आवळले जायचे. एकही खिळा न मारता चाक एकजीव होत असे. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, तर आजोबा चाकं रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचे. लाकूड फुगायचं, धाव पुन्हा घट्ट. गाडी माणसं आणि भात दोन्ही वाहते, म्हणून चाकाची हेळसांड करायची नाही, हे आमच्या घरात तेव्हापासूनचं आहे.

आप्पांनी शेतीला जोड म्हणून जुनी मॅटॅडोर घेतली. पुण्याच्या बजाज टेम्पोची. तिला नायलॉनचे टायर, आत ट्यूब. पंक्चर म्हणजे अर्धा दिवस. जॅक लावा, पान्यानं नट काढा, टॉमी घालून टायरची कड डिस्कवरून उचला, ट्यूब बाहेर ओढा, बादलीत बुडवून बुडबुडे शोधा. पार निकामी झालेली ट्यूब मात्र आमची. तिच्यात बसून आम्ही सगळी भावंडं उल्हासमध्ये पोहायला शिकलो. ऐन मे महिन्यात, नदी संथ असताना.

पंक्चर काढणारे चेट्टन केरळचे, कोट्टयमच्या बाजूचे. रबर मंडळाचं मुख्यालयही त्याच कोट्टयममध्ये आहे. त्यांच्या घरी रबराची थोडी झाडं होती. पहाटे सालीवर तिरकी चीर द्यायची, खाली वाटी बांधायची, ऊन चढण्याआधी चीक गोळा करायचा, हे ते हातवारे करून सांगत. मला तेव्हा नवल वाटायचं, की ह्या माणसाच्या अंगणातल्या झाडाचा चीक आमच्या चाकाखाली येतो आणि तो फाटला की शिवायलाही हाच माणूस येतो. त्यांच्या पाटीवर 'व्हल्कनायझिंग' असं लिहिलेलं होतं. चीक तसाच वापरला तर उन्हात चिकट होतो, थंडीत ठिसूळ. त्यात गंधक मिसळून उष्णता दिली की तो ताणून पुन्हा जागेवर येणारा, टिकाऊ पदार्थ बनतो. चार्ल्स गुडइयरनं ह्याचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं. हवेची ट्यूब घातलेला टायर डनलॉपनं १८८८ मध्ये केला, तोही आधी सायकलसाठी. चेट्टन आपल्या छोट्या तापत्या पट्टीखाली ट्यूबचं ठिगळ दाबून धरायचे तेव्हा तीच क्रिया घडत होती. हे मला पुष्कळ नंतर, पुस्तकातून कळलं.

टायर वाचायला मी का शिकले, त्यालाही कारण आहे. एका वर्षी आप्पांनी शहरातल्या एका दुकानातून दोन टायर आणले. काळेकुळकुळीत, नक्षी कोरी, अंगावर रबराच्या बारीक केसांसकट. पहिल्याच उन्हाळ्यात बाजूला भेगा दिसू लागल्या आणि एक टायर विटांच्या खेपेत फुटला. गाडी कशीबशी कडेला लागली, कुणाला लागलं नाही. नंतर मला टायरवरचे चार आकडे सापडले. बाजूवर लांबोळक्या चौकटीत ते असतात: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आप्पांचे 'नवे' टायर पाच वर्षं कुठल्या तरी गोदामात पडून होते. रबर पडून पडून म्हातारं होतं, चालवलं नाही तरी. तेव्हापासून मी दर विचारायच्या आधी हे आकडे बघते. दुकानदाराला ते आवडत नाही. न आवडो.

बाकीची अक्षरंही तेवढ्याच लक्षपूर्वक वाचावीत असं मला वाटतं. आमच्या पिकअपला २१५/७५ आर १५ हे माप लागतं. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या पंचाहत्तर टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ इंच डिस्कचा व्यास. एवढं बहुतेकांना माहीत असतं. लोक चुकतात ते त्यापुढच्या आकड्यावर. त्याच मापाचा, त्याच दिसण्याचा टायर मोटारीसाठीही मिळतो आणि मालवाहू गाडीसाठीही. शंभर हा भार आकडा असेल तर एका टायरनं ८०० किलो पेलावेत; १०६ असेल तर ९५०. मागच्या दोन टायरांत मिळून हा फरक तीनशे किलोंचा होतो, आणि पिकअपमध्ये वजन बहुतांशी मागेच असतं. स्वस्त म्हणून मोटारीचा टायर घालून विटा भरणारे मी पाहिले आहेत. तो टायर त्याच दिवशी फुटत नाही, म्हणून त्यांना ते खपून गेल्यासारखं वाटतं. वजनाखाली त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, आणि आतले थर हळूहळू सुटायला लागतात. हवा कमी असली तरी हेच होतं. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, आणि भरल्या गाडीला मागे जास्त ठेवायची. हवेचा आकडा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. पंपवाल्याच्या अंदाजावर सोडू नये.

नायलॉन की रेडियल, हा वाद आमच्या घरात पुष्कळ वर्षं चालला. नायलॉनच्या टायरचे धागे एकमेकांना तिरके छेदत जातात, त्यामुळे बाजू जाड आणि कडक. खाणीत, भट्टीच्या वाटेवर, दगडांत तो मार सोसतो. फाटला तर गावातसुद्धा सांधता येतो. रेडियलचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचिक, पण रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. तो कमी तापतो, जास्त चालतो, डिझेलही वाचवतो. आप्पा शेवटपर्यंत नायलॉनचे राहिले. "मोडलं तर दुरुस्त होतंय का बघ आधी," असं ते म्हणत, आणि त्या काळच्या वाटांवर ते म्हणणं बरोबरच होतं. आज आमची गाडी निम्म्याहून जास्त डांबरावर आणि काँक्रिटवर चालते, वाशीच्या बाजारापर्यंत जाते. रेडियलच हवा.

रिमोल्डबद्दल मात्र मी आप्पांच्या काळातल्या सगळ्यांना नावं ठेवणार नाही. झिजलेल्या टायरचा सांगाडा धड असेल तर त्यावर नवं रबर चढवणं हे उत्तम काम आहे. विमानांचे टायरसुद्धा असे पुन्हा पुन्हा वापरले जातात. पण तिथे सांगाडा तपासणारा माणूस जाणकार असतो. आमच्यासाठी पावसाआधी नवाच.

आणि नवे दोनच घ्यायचे असतील तर कुठे बसवायचे? आमच्या भागातले बहुतेक चालक पुढे म्हणतात. पुढचा फुटला तर स्टिअरिंग खेचतं, ही त्यांची भीती खरी आहे. तरीही मी मागे बसवायला लावते. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ब्रेक मारून वेग कमी करता येतो. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं फार थोड्यांना जमतं. कायद्यानं नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खोबणीच्या तळाशी लहानशा उंचवट्यांची खूण असते, झिजून रबर तिच्या पातळीला आलं की टायर संपला. मी तिथवर थांबत नाही. खोबणी पाणी बाहेर फेकण्यासाठी असते, आणि दीड मिलिमीटरची खोबणी आमच्याकडचं पाणी फेकू शकत नाही.

आमच्याकडचं पाणी म्हणजे काय, ते २७ जुलै २०१९ ला साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुरात उभी राहिली. आत हजारावर प्रवासी, त्यांत गरोदर बायका. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं. एकेकाला उतरवून उंचावर आणलं, तिथून बसगाड्या आणि टेम्पोंतून बदलापूरला नेलं, आणि पुढे कल्याणहून खास गाडीनं ही माणसं कोल्हापूरला गेली. सगळे सुखरूप. गाव सकाळपासून त्या काठावर होतं. भावाची पिकअप आम्ही चढावरच उभी ठेवली होती, खाली उतरवली नाही. कितीही चांगला टायर गाडीला वाहत्या पाण्यात धरून ठेवत नाही. दोन फुटांचा प्रवाहही तिला उचलून नेऊ शकतो. हे भावाला मला सांगावं लागलं नाही. वरून मात्र तो जितकी मदत होईल तितकी करत राहिला, आणि त्या ओल्या, शेवाळलेल्या चढावर गाडी भरून एकदाही घसरली नाही. टायर मेमध्ये बदललेले होते.

टायर बनतात तेही जवळच: आमच्या तालुक्यात, अंबरनाथला, सिएटचा कारखाना आहे. कंपनीची मुळं १९२४ साली इटलीतल्या तुरिनमध्ये, मुंबईत ती आली १९५८ मध्ये. भांडुपचा कारखाना आमच्या पिढीच्या ओळखीचा. अंबरनाथला मात्र ट्रॅक्टरांचे आणि बांधकामाच्या यंत्रांचे मोठाले रेडियल बनतात, पिकअपचे नाहीत. तिथे कामाला जाणारी मुलं गावात भेटली की मी त्यांना धाग्यांबद्दल, तारांबद्दल विचारत बसते. त्यांना आधी गंमत वाटायची. आता तीच मला नवीन काही कळलं की सांगायला येतात.

ह्या वर्षी मागचे दोन घेतले. भार आकडा १०६, बनून चार महिने झालेले, एका टायरमागे दीड हजार रुपये जास्त मोजून. मागचे त्यातल्या त्यात बरे पुढे आले, पुढच्यांतला एक स्टेपनीला गेला. उरलेले अंगणात ठेवू दिले नाहीत. त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. भंगारवाल्याला दिले, होळीसाठी जपून ठेवणाऱ्या पोरांना नाही. अलाइनमेंट करून घेतली. नवं चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं नट पुन्हा आवळावे लागतात, तेव्हा भावाला सांगून ठेवलं आहे: उद्या कर्जतची खेप टाकून आलास की गाडी धुवायच्या आधी पाना घे, आणि स्टेपनीतली हवाही बघ, तिच्याकडे कुणी बघत नाही.