लोणारच्या वाटेवर दोन काटेरी झाडे

माघ पौर्णिमेची वंदना आटोपून आम्ही तीन घरची माणसे एसटीने लोणारला गेलो. उल्का आदळून झालेले ते खारे सरोवर मुलांना दाखवायचे होते. पण गावाबाहेरच्या पडीक रानातच आमचे पाय थांबले.

एक झुडूप उटकटारीचे. चेंडूसारखे गोल काटेरी बोंड, निळसर पांढरे. पान उलटले की खाली पांढरी लव. ही आपल्या मातीतली. शेजारी पिवळा धोत्रा. पानांवर पांढऱ्या शिरा, फूल पिवळेधमक, देठ मोडला की पिवळा चीक. हा मूळचा मेक्सिकोकडचा, आणि आम्ही आजवर त्यालाच गावचा समजत होतो!

एका मुलीने त्याचे वाळलेले बोंड हातावर झटकले. "आई, मोहरी!" खरेच तशीच, काळी नि बारीक. आम्ही ती लगेच टाकायला लावली. मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत ६०हून अधिक माणसे दगावली. आधी पाय सुजतात, मग दम लागतो, हृदय थकते. सुटे तेल कोणाच्या घरी येते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

परतताना तिने दोन्ही झाडे न चुकता ओळखली. उटकटारीचे एक बोंड तिच्या ओढणीला अडकून घरापर्यंत आले.