जुनीं मोडी पत्रें आणि संगणक

आमच्या घरीं पणजोबांच्या वेळचीं कांहीं मोडी पत्रें एका रुमालांत बांधून ठेविलेलीं आहेत. कागद जीर्ण झाले असून कोठें कोठें वाळवीनें अक्षरें खाल्लीं आहेत. हीं पत्रें पुढील पिढीस वाचतां यावीं, या हेतूनें त्यांच्या प्रतिमा घेऊन व बालबोधांत लिप्यंतर करून तीं संगणकावर ठेवण्याचें काम मीं अंगावर घेतलें.

मोडी ही बोरूनें भरभर लिहावयाची लिपि. आधीं ओळभर रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहीत. दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा पाळीत नसत. त्यामुळें ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द सारखेच दिसतात. दिवस समजावयाचा कीं गरीब, हें मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावें लागतें.

एका पत्रांत कर्जाच्या रकमेचा आंकडाच वाळवीनें नेला आहे. थोरले काका म्हणाले, “अरे, शंभरच असतील, लिहून टाक.” पण मीं चौकटी कंसांत ‘येथें कागद फाटला आहे’ एवढेंच लिहिलें. संगणकावरील अक्षर स्वच्छ दिसतें, आणि स्वच्छ अक्षरावर वाचक सहज विश्वास ठेवितो. तो मजकूर क्षणांत शंभर ठिकाणीं उतरला जातो. मग आमचा अंदाज हाच इतिहास ठरावयाचा, आणि ज्यानें घेतलें नाहीं त्याच्या नांवावर कर्ज चढावयाचें! ‘हें खोटें आहे’ असें सांगावयास तो बिचारा परत थोडाच येणार आहे?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं जुन्या पत्रांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्या काळीं छापील वाचन मूळाशीं ताडून पहावयाचें तर पत्र जेथें असेल तेथें जावें लागे. आज एका बाजूस पत्राची प्रतिमा व दुसऱ्या बाजूस ओळीस ओळ लिप्यंतर मांडतां येतें. २०१४ सालीं मोडीस युनिकोडांत स्थान मिळाल्यापासून मूळ लिपींतील अक्षरेंही संगणकावर लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. अशा मांडणीनें वाचक स्वतःच परीक्षक होतो, आणि लिप्यंतर करणाराही सावध राहतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं असा एखादा रुमाल असल्यास तो रद्दींत जाऊं देऊं नका. वडील मंडळींस विचारून त्यांतील कागदांच्या प्रतिमा घ्या, आणि जें लिहिलें असेल तेवढेंच लिहा. न लागलेलें अक्षर मोकळें सोडण्यांत कमीपणा नाहीं. तें वाचणारा उद्यां तुमच्यांतूनच निघेल.