पाणबुड्याचं घड्याळ आणि मी

बायकांनी हौस कशाकशाची करावी, याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे. साड्या, दागिने, भरतकाम, फार तर गच्चीतल्या कुंड्या. त्या यादीत न बसणारी हौस सांगायची म्हणजे जरा संकोच वाटतो. तरी सांगते. मला पाणबुड्यांसाठी केलेली जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद आहे!

हसलात ना? आमच्या सासूबाईही हसल्या होत्या. "तुला साधं पोहता येत नाही, नि घड्याळ म्हणे पाणबुड्याचं!" त्यांचं काही खोटं नाही. समुद्रात गुडघाभर पाण्यापलीकडे मी कधी गेलेली नाही. पण मैत्रिणींनो, हा नाद मला हौसेतून लागला नाही, एका चुकीतून लागला. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे सारं लिहायला बसले आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, जहाजावर नोकरीला होते. रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीतली बरीच घरं बोटीवरच्या पगारावर चालत. १९८४ च्या गणपतीला आप्पा घरी आले ते सिंगापूरला घेतलेलं सीको घड्याळ मनगटावर घालून. त्या वेळी मी जन्मलेही नव्हते, पण आईनं हे इतक्यांदा सांगितलं आहे की पाहिल्यासारखं वाटतं. तेव्हा आपल्याकडे एचएमटीचं राज्य. तिचा बंगळूरचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं निघाला, आणि नोकरी लागली की एचएमटी, लग्न ठरलं की एचएमटी, असं चालू झालं. आयातीवर निर्बंध असल्यामुळे फॉरेनचं घड्याळ दिसायचं ते बोटीवरच्या माणसाच्या नाही तर आखातातून आलेल्या पाहुण्याच्याच हातावर. आप्पांचं घड्याळ बघायला सारी वाडी लोटली होती म्हणे.

होतंच ते तसं. जाडजूड, उशीसारखी फुगीर डबी. काळी तबकडी, तिच्यावर अंधारात चमकणारे मोठे ठिपके. भोवती मिनिटांच्या खुणांची एक फिरती कडी. चावी नेहमीसारखी तीनच्या शेजारी नाही, तर चारच्या जवळ. पाण्याखाली १५० मीटरपर्यंत टिकेल असं त्यावर लिहिलेलं. बोटीवर चारचौघांत अदलाबदल होऊ नये म्हणून आप्पांनी मागच्या झाकणावर खिळ्यानं आपली आद्याक्षरं ओरखडली होती आणि शेजारी एक वेडावाकडा नांगर काढला होता.

आप्पा २०१७ साली गेले. आईनं घड्याळ माझ्या हातात ठेवलं तेव्हा ते बंद होतं. दुसऱ्या वर्षी दादाच्या मुलाची मुंज निघाली. मनात आलं, आजोबांचं घड्याळ नातवाला द्यावं. मी ते एका दुकानात नेलं आणि म्हणाले, "काका, अगदी नव्यासारखं करून द्या."

आठ दिवसांनी घड्याळ आलं ते खरोखर नव्यासारखं. डबी आरशासारखी लखलखीत. काळ्याच्या जागी निळी तबकडी, नारिंगी काटे. मी खूश! आईला दाखवलं. तिनं ते उलटं केलं, झाकणावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि विचारलं, "अगं, यांचा नांगर कुठं गेला?"

पॉलिशमध्ये गेला होता. धावत दुकानात गेले आणि जुनी तबकडी मागितली. "ती काळवंडली होती हो ताई, टाकून दिली." त्यांना तरी काय दोष देणार? मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं. मुंजीत भाच्याला चांदीची वाटी दिली. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

तशी जुनी तबकडी कुठे मिळते का, हे शोधता शोधता मी या विषयात शिरले. आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवते, त्या पगारातून पदरमोड करून आजवर पाच घड्याळं घेतली. पुष्कळ काही शिकले.

या घड्याळांचा जन्म १९५३ च्या सुमाराचा. फ्रान्सच्या नौदलातल्या पाणबुड्यांसाठी ब्लांपँ कंपनीनं 'फिफ्टी फॅदम्स' काढलं, त्याच वर्षी रोलेक्सचं 'सबमरीनर' तयार झालं. पाणबुड्याच्या पाठीवरची हवा मोजकी असते, तेव्हा खाली जाऊन किती मिनिटं झाली हे कळणं म्हणजे जीव वाचणं. त्यासाठी ती फिरती कडी. बुडी मारताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की पुढे काटा कडीच्या ज्या आकड्यावर येईल तितकी मिनिटं झाली. मी मात्र ती कुकर मंद केल्यावर फिरवते नि पेपर सुरू झाला की वर्गात फिरवते. एकदा सवय लागली की सोडवत नाही.

रोलेक्स, ब्लांपँ ही नावं आपण लांबूनच घ्यावीत. पण सामान्य माणसासाठीही अशी घड्याळं निघाली. सीकोनं पहिलं १९६५ साली काढलं. आप्पांचं ते ६३०९ जातीचं, १९७६ ते १९८८ या काळात निघालेलं. त्याच्या डबीच्या आकारावरून संग्राहक त्याला 'कासव' म्हणतात. रशियात चिस्तोपोल गावच्या वोस्तोक कारखान्यानं १९६७ साली 'अँफिबिया' काढलं, २०० मीटरचं. माझं पहिलं घड्याळ तेच. रशियात डॉक्टरकी शिकून आलेल्या एका गृहस्थांच्या घरून साडेपाच हजारांना मिळालं. त्याची चावी सैल करताच लुळी पडून हलायला लागली. मला वाटलं, फसले! मग कळलं की ती मुद्दामच तशी केलेली असते. चुकून धक्का बसला तर आतल्या दांडीला इजा होऊ नये म्हणून.

आता मुद्द्याचं. 'चांगल्या स्थितीतलं' जुनं घड्याळ कशाला म्हणावं? चकचकीत असेल त्याला, असं मी समजत होते. खरं अगदी उलट आहे.

आधी तबकडी पाहावी, तीही भिंगातून. कारखान्यातली अक्षरं बारीक, सरळ, एकसारखी असतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती जाड नि किंचित वाकडी येतात. आप्पांच्या निळ्या तबकडीवर सीकोचं शेवटचं अक्षर चक्क खाली घसरलेलं आहे. मुंबईच्या चोर बाजारात आणि आता मोबाईलवर अशी रंगवलेली घड्याळं ढिगानं मिळतात. परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकून लाज वाटते, पण म्हणतात खरे.

मग ठिपके नि काटे. आपण अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच 'रेडियम' म्हणतो. हा रंग वयानं पिवळा पडतो, कधी तपकिरी होतो. ठिपके आणि काटे एकाच रंगाचे झालेले असले तर ती बरोबर म्हातारी झाली असं समजावं. एक पांढरंशुभ्र नि दुसरं पिवळं असेल तर काहीतरी बदललं आहे. १९६० च्या आधीच्या घड्याळांत खरोखरीचं रेडियम असे आणि ते आरोग्याला घातक असतं. तेव्हा असलं घड्याळ घरी उघडू नये, रंग खरवडू तर मुळीच नये.

डबीच्या कडा बोटानं पाहाव्यात. पॉलिश मारलेल्या डबीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात. रोजच्या वापराचे ओरखडे चालतील. ओरखडा म्हणजे धातू जागेवर आहे. पॉलिश म्हणजे तो गेला.

सीकोच्या झाकणावरचा क्रमांकही वाचावा. त्यातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. आप्पांच्या घड्याळावर भिंगातून अजून ३ आणि ७ दिसतात. म्हणजे जुलै १९८३. खिळ्याचा ओरखडा उथळ, तो गेला. ठोकलेला आकडा खोल, तो राहिला. आईची १९८४ च्या गणपतीची आठवण त्या आकड्याशी बरोबर जुळते. ते कळलं त्या दिवशी मी मनसोक्त रडून घेतलं.

आणि एक. असलं जुनं घड्याळ, त्यावर १५० मीटर लिहिलेलं असो की २००, पाण्यात घालू नये! आतली रबरी रिंग आपल्या कुकरच्या रिंगेसारखीच असते. वर्षांनी कडक होते, मग तिचा भरवसा नाही. रिंगा बदलून, दाबाची तपासणी करून घेतल्याशिवाय त्या घड्याळानिशी हातही धुवू नयेत. प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे मात्र टूथपेस्ट नि मऊ फडकं घेऊन घरी जातात. अँफिबियाची काच तशी आहे. सीकोची खरी काच, तिच्यावर हा उपाय चालत नाही.

चार वर्षं शोधल्यावर वास्कोच्या एका निवृत्त खलाशाच्या मुलाकडे आप्पांच्याच जातीचं घड्याळ मिळालं. काच खरचटलेली, पट्टा तुटका, पण काळी तबकडी अस्सल, ठिपके नि काटे सारखेच पिकलेले. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. ह्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "घे" म्हणाले.

आमच्या गावात एक वयस्क घड्याळजी आहेत, अगदी जुन्या पद्धतीचे. त्यांनी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली. "ताई, याची तबकडी नि काटे काढून आप्पांच्या घड्याळात बसवून देतो. एकाच जातीची आहेत. तासाभराचं काम."

यासाठीच तर मी चार वर्षं शोधत होते! तरी तोंडून निघालं, "उद्या सांगते."

रात्री दोन्ही घड्याळं ओट्यावर ठेवून बघत बसले. वास्कोच्या घड्याळाच्या झाकणावर कुणाच्या तरी घामाची वर्षानुवर्षांची काळपट रेघ होती. त्याची तबकडी काढली तर त्याचं काय होणार? जे आप्पांच्या घड्याळाचं झालं तेच. सकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नको गं बाई. दुसऱ्याच्या आप्पांचं काढून आपल्या आप्पांना कशाला लावायचं? ते निळंच राहू दे. तू केलंस ना, मग त्यात तुझंही राहू दे काहीतरी." आणि हसली. त्या घड्याळावरून इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा हसली होती.

तेव्हा वास्कोचं घड्याळ जसं आलं तसंच आहे. घड्याळजींनी फक्त साफ करून तेलपाणी केलं. आप्पांचं निळं मी शाळेत घालून जाते. भाच्याची दहावी झाली की ते त्याला द्यायचं आहे. त्या घसरलेल्या अक्षराची हकीकत सांगूनच देणार.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी घड्याळं जमवावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण प्रत्येक घरात कुणाचं तरी थांबलेलं घड्याळ असतंच. ते दुरुस्तीला देताना तीन गोष्टी तेवढ्या सांगा. फक्त चालू करून द्या. विचारल्याशिवाय पॉलिश करू नका. आणि काढलेला प्रत्येक भाग, मोडका का असेना, परत द्या. आमचे घड्याळजी आता मी न सांगताच तो काड्यापेटीत घालून देतात. माझ्या कपाटात अशा चार काड्यापेट्या आहेत. आप्पांच्या घड्याळाची तेवढी नाही.