अरबी समुद्राचा उच्छ्वास आणि आमचे मुदखेड

१/ मी मुदखेडचा. आमच्या गावाला रेल्वेचे जंक्शन आहे, फुलांचे मळे आहेत; समुद्र मात्र चारशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही आज इतिहास सांगायचा आहे तो समुद्राच्या पृष्ठजलातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या जहाजांचा. त्याचा आमच्या गावाशी संबंध काय, ते शेवटी.

२/ सोड्याची बाटली उघडताच वायू फसफसून बाहेर येतो, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असतो. समुद्राचेही तसेच. पाण्यातील या वायूचा दाब हवेतल्यापेक्षा अधिक असेल, तर समुद्र तो सोडतो. कमी असेल, तर शोषतो.

३/ मोजण्याची युक्ती अशी. चालत्या जहाजात पंपाने सतत समुद्राचे पाणी ओढून बंदिस्त पात्रात फवारतात. पात्रातील हवेचा पाण्याशी समतोल साधला, की ती हवा अवरक्त किरणांच्या उपकरणातून नेऊन तिच्यातील वायू मोजतात. तापमानाची नोंद काटेकोर हवी. पाणी एका अंशाने तापले, तरी दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

४/ १९५८ मध्ये मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी सुरू करणारे चार्ल्स कीलिंग समुद्राकडेही वळले होते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, १९६२-६३ मध्ये, स्क्रिप्स संस्थेच्या ‘लुसियाद’ सफरीत आपल्या महासागराच्या पृष्ठजलाची अशी मोजणी झाली. सफरीचे नाव कामोंइशच्या महाकाव्याचे. त्याचा विषय वास्को द गामाचा भारतप्रवास!

५/ त्याच आंतरराष्ट्रीय मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. आज ती गोव्यात दोनापावला येथे आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी १९९४-९५ मध्ये ‘सागरकन्या’ जहाजावरून अरबी समुद्राचे नमुने वेगवेगळ्या ऋतूंत घेतले. त्यांतील एक फेरी १९९५ च्या जुलै-ऑगस्टमधली.

६/ हा महिना लक्षात घ्या. पावसाळ्यात आपले कोळी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच दर्यावर जातात. शास्त्रज्ञांना मात्र तोच खवळलेला समुद्र हवा होता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते आणि ते कार्बन डायऑक्साइडने समृद्ध असते.

७/ सर्मा, दिलीपकुमार व जॉर्ज यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला: मध्य व पूर्व अरबी समुद्र बाराही महिने हा वायू हवेत सोडतो. जगातील महासागर एकंदरीत मानवी उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा शोषतात. आपल्या दारचा समुद्र मात्र उलट वागतो.

८/ २०११ मध्ये अशा जागतिक मोजण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६३ लाख नोंदी होत्या. उत्तर हिंदी महासागराच्या वाट्याला त्यांतल्या फारच थोड्या आल्या. इतिहासाच्या अभ्यासकाला हे दुखणे परिचित आहे. दप्तर नाही, म्हणून घटना घडलीच नाही, असे होत नाही.

९/ आता मुदखेड. जुलैत आमच्याकडचा शेतकरी पश्चिमेच्या ढगांकडे डोळे लावून बसतो. ज्या वाऱ्यांची तो वाट पाहतो, तेच तिकडे समुद्र ढवळून त्याचा उच्छ्वास बाहेर काढत असतात. येथे पडलेले पाणी गोदावरीतून पूर्वेच्या उपसागराला मिळते. दोन समुद्रांच्या मधोमध बसून मी समुद्र ‘दूर’ म्हणत होतो, ही माझीच चूक.