आदिलशहाचा पाण्याकाठचा वाडा

आमच्या आदिलाबादला समुद्र नाही. आहे ती पैनगंगा, आणि तिच्या काठची कापसाची काळी रानं. बेला, जैनदकडची माणसं घरात मराठी बोलतात, कचेरीत तेलुगू. पण गावाला नाव मिळालं ते विजापूरच्या आदिलशहावरून, असं आम्ही मानतो. त्यामुळे पणजीत मांडवीकाठचा आदिलशाही वाडा पाहिला की उगाचच हक्क सांगावासा वाटतो.

यूसुफ आदिलशहाने तो 1500 च्या सुमारास बांधला. वाडा कसला, किल्लाच: भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक, नदीवर रोखलेल्या तोफा. 1510 मध्ये पोर्तुगीज आल्बुकर्कने तो जिंकला. पुढे पोर्तुगालहून येणारा नवा व्हाइसरॉय आधी इथे उतरायचा आणि मग थाटामाटात जुन्या गोव्यात शिरायचा. जानवसाच म्हणा ना! जुनं गोवं रोगराईने ओस पडत गेलं, तेव्हा 1759 मध्ये व्हाइसरॉयने बिऱ्हाडच इथे आणलं.

किल्ल्यात संसार थाटणं गमतीचं असतं. किल्ला नदीकडे संशयाने बघतो, आणि घराला तिचाच वारा हवा असतो. आज दिसतात त्या नदीकडे तोंड केलेल्या खिडक्यांच्या लांबलचक रांगा, रुंद लाकडी ओसऱ्या, ओतीव लोखंडाचे खांब, वर उतरती कौलं. गोव्याच्या पावसापुढे सुलतान काय नि व्हाइसरॉय काय, छपराला उतार द्यावाच लागतो. खंदक कधीच बुजला. दार आणि पाणी यांच्यामधून आता दयानंद बांदोडकर मार्ग धावतो. शेजारी संमोहनविद्येच्या आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. संमोहित बाईवर पंजे पसरून तो असा वाकलाय, की येणारा-जाणारा आधी त्याच्याकडेच बघतो. वाडा बिचारा मागे राहतो.

1918 मध्ये गव्हर्नर पणजीजवळच्या काबो भूशिरावर राहायला गेला. तिथेही जुना फ्रान्सिस्कन मठच राहतं घर झाला होता. इकडे वाड्यात कचेऱ्या भरल्या. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर दारावरच्या राजचिन्हाच्या जागी अशोकचक्र आलं, विधानसभाही इथेच बसू लागली आणि 2000 मध्ये पर्वरीला गेली. जुन्या पणजीकरांच्या तोंडी वाड्याचं नाव अजून ‘सचिवालय’च आहे.

मला विचाराल तर या वास्तूतलं सर्वांत मोठं काम गवंड्याचं नाही, सुताराचंही नाही. जागा निवडणाऱ्याचं आहे. राज्यं बदलली, पण शेकडो वर्षं प्रत्येकाला हीच जागा कामी आली. रस्त्यावरून मात्र हे कळत नाही. पणजीला गेलात तर बेतीच्या फेरीबोटीत चढा, नदीच्या मध्यावर आलात की मागे वळून वाडा बघा. पायी माणसाला तिकीट लागत नाही.