मुठेपलीकडचा जिमखाना

रत्नागिरीत आमच्या आळीत एक क्रीडामंडळ आहे. जांभ्या दगडाची एक लांबट खोली, तीन कॅरम बोर्ड, टेबल टेनिसचे एक म्हातारे टेबल आणि मागे चार गुंठ्यांचे अंगण, एवढाच त्याचा पसारा. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे गावातले सगळे हिशेब आपोआप चालत येतात. तसे या मंडळाचे मानद खजिनदारपदही माझ्याकडे आले आणि अकरा वर्षे राहिले. या पौषात साडूभाऊंच्या नातीच्या साखरपुड्यासाठी पुण्यास निघालो, तेव्हा त्या पदाच्या राजीनाम्याचे पत्र लिहून झाले होते. प्रवासात एकदा नजरेखालून घालावे आणि परतल्यावर अध्यक्षांच्या हाती द्यावे, अशा विचाराने ते पिशवीत ठेवले होते. कारण साधे होते. पहाटे खोली उघडणारे, पाणी भरणारे, वर्गणीसाठी दारोदार जाणारे आम्ही पाचसहा जण आता पासष्टीच्या पुढे गेलो आहोत आणि आमच्यामागे कोणीही उभे नाही.

साडूभाऊ प्रभात रस्त्याला राहतात आणि डेक्कन जिमखान्याचे जुने सभासद आहेत. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला तिकडे घेऊन गेले. ‘डेक्कन’ हे नाव आपण किती वेळा उच्चारतो! बसथांब्याला ते नाव, चौकाला तेच, आता मेट्रोच्या स्थानकालाही तेच. एका क्रीडासंस्थेने आपले नाव सबंध उपनगराला दिले आणि पुढे लोक संस्था विसरून नावच वापरू लागले, याचे असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. ‘जिमखाना’ हा शब्दही मोठा मजेशीर आहे. तो ऐकायला इंग्रजी वाटतो, पण हिंदुस्थानी ‘गेंदखाना’ या शब्दाचे ते इंग्रजी वळणाचे रूप असावे, असे कोशकार मानतात. म्हणजे मूळ अर्थ चेंडू खेळण्याची जागा!

ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. लकडी पुलाच्या पलीकडे तेव्हा शहर नव्हतेच. भांबुर्डे आणि एरंडवणे ही खेडी, मध्ये शेते, माळ आणि १८९५ पासून तिथे येऊन वसलेले फर्ग्युसन महाविद्यालय. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रँग्लर परांजपे तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कोकणातून शिकायला आलेली कितीतरी मुले या माळावरून ये-जा करत असतील. गोऱ्या साहेबांचे क्लब होते ते लष्करात, कँपाच्या बाजूला. तिथली हिरवळ, तिथले नियम आणि तिथले दरवाजे, सारेच त्यांचे. अशा काळात बाळकृष्ण नारायण भाजेकर यांनी पुढाकार घेऊन ही संस्था उभी केली आणि ते तिचे पहिले मानद चिटणीस झाले. ‘मानद’ या शब्दापाशी मी थबकलो. व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे मला ठाऊक आहे की, ज्या श्रमाचे पैसे दिले जात नाहीत, त्या श्रमाची ताळेबंदात कुठेही नोंद होत नाही. भाजेकरांनी या कामासाठी किती संध्याकाळी वेचल्या असतील, याचा आकडा कोणत्याही वहीत सापडायचा नाही.

मला विशेष भावली ती या मंडळींची एक गोष्ट. त्यांनी टेनिस आणि क्रिकेट हे साहेबी खेळ आनंदाने घेतले, पण आपले देशी खेळ टाकून दिले नाहीत. खो-खो हा तर आपल्याकडे अंगणाअंगणात खेळला जाणारा खेळ. प्रत्येक गावाचे नियम निराळे आणि भांडणेही निराळी. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. आज देशभर खो-खोच्या स्पर्धा होतात, त्याची पहिली कागदी बैठक इथली. कुणा संध्याकाळी चार माणसे कंदिलाभोवती बसून ‘पाटी किती लांब असावी, डाव किती मिनिटांचा असावा’ असा काथ्याकूट करत असतील, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते. आमच्या मंडळाच्या सभांतही वाद असेच चालतात, फक्त निष्पत्ती तेवढी होत नाही!

आणि मग येते १९१९-२० ची हकिकत. सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवात लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारी मुले बहुतेक शेतकरी घरांतली, पायांत काही न घालता धावणारी. त्यांना ना शास्त्रशुद्ध शिक्षण, ना खुराक. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जातात, हे टाटांनी हेरले आणि समारंभास आलेले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कानावर घातले. यांना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवू या, असा प्रस्ताव त्यांनी जिमखान्यापुढे मांडला. त्या वेळच्या तयारीचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटर धावायला उत्तम धावपटूला किती वेळ लागतो, असे समितीतील एका प्रमुख सभासदास विचारले गेले. ‘एक-दोन मिनिटे,’ असे उत्तर आले. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आहे, असे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले म्हणे. मला या किश्श्याचे हसू येत नाही, कौतुक वाटते. ज्यांना शंभर मीटरची वेळ ठाऊक नव्हती, त्यांनी साता समुद्रांपलीकडे संघ पाठवला.

सहा जण गेले. पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकाडी हे धावपटू, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल. जून १९२० मध्ये ते बोटीने निघाले, इंग्लंडमध्ये सराव करून बेल्जियमला पोहोचले. बेळगावकडच्या चौगुल्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. त्या वर्षीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होते, म्हणजे आजच्यापेक्षाही अधिक. ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत आले, एकोणिसावे. रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचले आणि तिथे ब्रिटिश मल्लाकडून हरले, चौथे आले. पुण्यास येताना आमची एस.टी. कराडला थांबली होती. त्याच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, तेही लोकांनी वर्गणी करून पाठवल्यावर. शिंदे यांच्या त्या हुकलेल्या पदकानंतर मध्ये बत्तीस वर्षे गेली होती.

या साऱ्यास पैसा टाटांनी दिला, सरकारने दिला, लोकांनी दिला. त्याची नोंद होते, आभार मानले जातात, आणि ते योग्यच आहे. पण पत्रे कोणी लिहिली? मैदानावर चुन्याच्या रेघा कोणी मारल्या? शर्यतीच्या दिवशी पहाटे घड्याळ घेऊन कोण उभे राहिले? आपल्या संघांच्या वह्या ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना हा प्रश्न समजेल. देवद्रव्याला आपल्याकडे कधी तोटा नसतो. पर्युषणात बोली लागते, आकडे चढतात, आणि ती रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही, हेही उचितच. रडते ते साधारण खाते. उपाश्रयाचा दिवा, झाडलोट, पुजाऱ्याचा पगार, गळके छप्पर यांसाठी बोली लावायला कोणी उभे राहत नाही. माझ्या मते प्रत्येक संस्थेला एक साधारण खाते असते आणि त्यात रुपयांपेक्षा माणसांच्या वेळेची भर जास्त लागते.

मैदानावर त्या सकाळी लहान मुलांचा क्रिकेटचा सराव चालला होता. टेनिसच्या कोर्टांवर माझ्याहून वडील दोन गृहस्थ मोठ्या त्वेषाने खेळत होते. आता अर्थातच संस्था मोठी आहे. पगारी कर्मचारी आहेत, कचेरी आहे, टिळक तलावावर पोहायला येणाऱ्यांची गर्दी आहे. आमच्या खोलीशी तिची तुलना करणे म्हणजे पतपेढीची रिझर्व्ह बँकेशी करण्यासारखे होईल. तरी मी साडूभाऊंना विचारलेच, “अण्णा, तुमच्याकडे तरुण मंडळी कामाला येतात का हो?”

ते हसले. “खेळायला येतात. कामाला मागे लागून आणावे लागतात. आम्हाला कोणी आणले होते, आठवतेय का? आपणहून कोण आले होते?”

खरेच होते ते. बदली होऊन रत्नागिरीत परतल्यावर मला मंडळात ओढून नेले ते आमच्या आळीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांनी विनंती वगैरे केली नव्हती. एके संध्याकाळी पावतीपुस्तक माझ्या हातात ठेवले आणि ‘उद्यापासून तुम्ही’ एवढेच म्हणाले. मी मात्र अकरा वर्षांत ते पुस्तक कोणाच्याही हाती ठेवून पाहिले नव्हते. मुलांना हिशेब जमणार नाहीत, असे मीच ठरवून टाकले होते.

बोलता बोलता ऊन उतरले. चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे भाग होते, म्हणून टिळक तलाव पाहायचा राहिला. वहिनींनी गरम खिचडी-कढी वाढून ठेवली होती. रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे आंबा घाट उतरताना खाऱ्या वाऱ्याची चाहूल लागली.

पत्र अजून पिशवीतच आहे. शेजारच्या घरातला मुलगा यंदा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याला खोलीवर बोलावून जमाखर्चाची वही दाखवली. त्याने पहिल्याच पानावर माझी बेरजेतली एक चूक काढली. अक्षय्यतृतीयेनंतरच्या रविवारी खोलीची कौले परतून घ्यायची ठरली आहेत. पावतीपुस्तक सध्या त्याच्याकडे आहे.